आतल्या पानावर कोण ऐकत होतं

मावशीचं काम बंद झालं ते ऐन दिवाळीच्या मालाच्या दिवसांत. त्या दिवसांत सुरतेतल्या आमच्या डिंडोलीत घराघरात साड्या पसरलेल्या असतात. कुणी लेस लावतंय, कुणी टिकल्या चिकटवतंय, कुणी उलट्या बाजूचे लोंबते धागे कापत बसलंय. पाहुणा आला तरी त्याला बसायला जागा नसते. आणि मावशीची फरशी रिकामी होती, ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केलेली. टीव्हीही न लावता ती भिंतीला टेकून बसली होती.

"सुट्टी घेतली का गं?" मी दारातूनच हसत विचारलं.

"सुट्टी त्यास्नी दिधी," ती म्हणाली.

त्यांनी म्हणजे आमच्या कंपनीनं. मावशीला काम यायचं ते ज्या ॲपवरून, ते बनवणाऱ्यांतली मी एक. गल्लीतल्या बायांच्या फोनमध्ये ते मीच घालून दिलं होतं. म्हणून तिच्या त्या वाक्यावर मी हसू आवरून घेतलं आणि आत जाऊन तिच्या शेजारी बसले.

मावशी ही आईची धाकटी बहीण. दोघी खानदेशातून लग्न होऊन सुरतेत आल्या आणि एकाच गल्लीत राहिल्या. माझे वडील बमरोलीला मिलमध्ये रंगाईच्या खात्यात होते. मावशीचे यजमान हंगामात चलथाणला साखर कारखान्यावर जातात, एरवी मिळेल ते करतात. पण दोन्ही घरांची चूल पेटती राहिली ती या दोघींच्या हातकामावर. मी मराठी शाळेत शिकले, मग गुजराती पोरांबरोबर कॉलेजात गेले, आणि उधना दरवाज्याकडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले. आमच्या गल्लीतून संगणकावर बसायला गेलेली मी पहिली मुलगी. आईनं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते.

कंपनीत माझ्या वर एक जण होता. अडाजणचा, अस्सल सुरती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. सगळे त्याला भाई म्हणत, मीही म्हणायला लागले. तो मला बेन म्हणायचा. आमचं बोलणं गुजरातीत चालायचं, मध्येच हिंदीवर जायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे. मला येतं ते बरंचसं त्याच्याकडून आलेलं आहे, हे आजही नाकारता येत नाही. मी काही चुकवलं तर तो चारचौघांत कधी बोलला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसायचा आणि म्हणायचा, "आता हे मला समजावून सांग, मी काही जाणत नाही असं समज." सांगता सांगता माझी चूक मलाच सापडायची.

कंपनीनं हातकामाचं ॲप काढायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. मार्केटातले व्यापारी त्यावर काम टाकणार, बाया घरबसल्या निवडणार, टेम्पो गल्लीच्या तोंडाशी गठ्ठा आणून देणार. मधला ठेकेदार नाही, त्याची अरेरावी नाही. मी लहानपणापासून बघितलेल्या दुखण्यावर मीच औषध बनवते आहे, असं मला वाटलं.

अडचण एकच होती. प्रत्येक व्यापाऱ्याचं स्वतःचं वेब पान होतं. साड्यांचे नमुने, कुठल्या काठाला कोणती लेस, सगळं त्यावर. ती पानं आम्ही पुन्हा बनवणं शक्य नव्हतं. म्हणून ॲपच्या पोटात एक छोटा ब्राउझर बसवला. बाईला वाटतं आपण ॲपमध्येच आहोत, पण समोर उघडलेलं असतं दुसऱ्याच कुणाचं पान. मग तिनं बोट फिरवलं, मागे जायचं बटण दाबलं, एखाद्या लिंकवर टिचकी मारली, तर ते ऐकायचं कुणी, पानानं की ॲपनं? अशा प्रत्येक हालचालीला आम्ही इव्हेंट म्हणतो. कुठला इव्हेंट कुणाकडे जाईल, आधी कुणाला कळेल, कुणाला तो अडवता येईल, ही सगळी रचना भाईनं माझ्यावर सोपवली.

"एकटीनं?" मी विचारलं.

"एकटीनं. अडलीस तर मी आहेच."

पहिली रचना मी पुस्तकी केली आणि एका रविवारी दुपारी मावशीच्या हातात फोन दिला. ती एका व्यापाऱ्याच्या पानावर गेली, साड्या बघत बघत खाली सरकली, तिथून दुसऱ्या नमुन्यात शिरली. मग परत यायला तिनं मागचं बटण दाबलं आणि अख्खं ॲप बंद झालं. निवडलेलं सगळं गेलं.

"यानी माले बाहेर फेकी दिधं," मावशी म्हणाली, आणि फोन असा माझ्याकडे धरला, जसं काही त्यानं तिचा हात धरून तिला दाराबाहेर काढलं होतं.

चूक साधी होती. बटण दाबल्याची बातमी आधी ॲपला मिळत होती आणि ॲप स्वतःपुरतं बघत होतं. पानाच्या आत अजून मागे जायला जागा आहे का, हे त्यानं विचारलंच नव्हतं. मी ते बदललं. मग बोटाचं भांडण निघालं: पान खाली सरकवताना ॲपला वाटायचं की बाईला वरची पट्टी ओढायची आहे. एकाच बोटावर दोघांचा दावा. दर रविवारी मी मावशीकडे बसायची, ती अडखळली की का अडखळली ते बघायची, आणि सोमवारी ऑफिसात जाऊन दुरुस्त करायची.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की इव्हेंट दोन जातीचे असतात. काही नुसते सांगून जातात: पान उघडलं, फोटो आला, इंटरनेट गेलं. झालेलं असतं, तुम्ही ऐकून घ्यायचं. दुसरे विचारतात: ही लिंक उघडू का, कॅमेरा लावू का, मागे जाऊ का. तिथे उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर मिळेपर्यंत पान थांबून राहतं. आम्ही आधी दोन्हींना एकच वागणूक दिली होती, त्यामुळे फोन मधूनच गोठायचा. मी दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या. भाईनं ती मांडणी बघितली, दोनदा वरखाली केली, आणि म्हणाला, "बेन, हे माझ्या डोक्यात आलं नसतं." घरी जाताना बसमध्ये मला उभं राहावं लागलं, पण पाय दुखल्याचं आठवत नाही.

त्याच सुमारास शेठनं, म्हणजे कंपनीच्या मालकानं, मीटिंग बोलावली. शेठ मूळचा कापडातला माणूस, सॉफ्टवेअरमध्ये नंतर आलेला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाया आत काय काय बघतात, काय लिहितात, ते आपल्याला कळेल ना?"

मी म्हणाले, "नाही शेठ. पान उघडलं का, नीट बंद झालं का, एवढंच ॲप ऐकेल. त्या पानावर बाई काय टाईप करते ते तिचं आणि त्या पानाचं."

"पण ॲप आपलं आहे."

"पान आपलं नाही. आणि बाई तर आपली नाहीच."

शेठ भाईकडे बघायला लागला. भाई शांतपणे म्हणाला, "शेठ, ती बरोबर बोलते आहे. ऐकायचं तेवढंच ऐकावं."

विषय तिथे मिटला. बाहेर आल्यावर मी त्याचे आभार मानले, तर तो म्हणाला, "त्यात काय. फक्त एक कर, दोष शोधायला एक दार ठेव. कुणाच्या फोनवर काही बिघडलं तर सगळे इव्हेंट एका ठिकाणी बघता यायला हवेत. आपल्या ऑफिसातल्या फोनवरच उघडं, बायांकडे जाणाऱ्या ॲपमध्ये बंद." हे सगळेच करतात, त्यात वावगं काही नाही. मी ते दार ठेवलं. ते बंद करणारी कळही लिहिली. बाजारात जाणारं ॲप शेवटी तयार करून पाठवायचं काम मात्र भाईचं होतं, पहिल्यापासून.

ॲप तयार झालं तेव्हा मी गल्लीत बायांना गोळा केलं. मावशीच्या ओट्यावर पंधरा-वीस जणी बसल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींना फोन म्हणजे नवऱ्याला कळू न देता माहेरी बोलायची एकच जागा. एकीनं विचारलं, "यात आपण कुठे जातो, काय करतो, ते मालकाला दिसतं का?"

"नाही," मी म्हणाले. "आतल्या पानावर तुम्ही काय लिहिता ते आम्हाला दिसत नाही. तसं मीच बनवलंय."

तीच पहिली पुढे आली, फोन माझ्या हातात दिला.

भाई त्यानंतर एकदा आमच्या घरी आला. स्वतःहूनच म्हणाला होता, बाया ॲप कसं वापरतात ते बघायचंय. आईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, भरीत केलं, मिरचीचा ठेचा. तो मांडी घालून जेवला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठेचा खाल्ला आणि आणखी मागितला. आई खूश. मग तो गल्लीत दोन-तीन घरांत बसला, मावशीकडे तर तासभर. एकमेकींना काही पाठवायचं तर बाया ॲपमधल्या निरोपांतूनच पाठवायच्या. लग्नाची पत्रिका, मुलांच्या शाळेचं पान, कुणाकडे दुसरं काम असेल तर त्याची लिंक. ती दाबली की ते सगळं आमच्या आतल्या ब्राउझरमध्येच उघडायचं. बायांच्या लेखी इंटरनेट म्हणजे तेच. भाई बघत होता, मान हलवत होता. जाताना आईच्या पाया पडला.

पुढचं वर्षभर सगळं छान चाललं. मी गल्लीतून चालले की कुणी ना कुणी हाक मारायचं. आणि मग ती दिवाळी आली, मावशीची फरशी रिकामी झाली.

"माल कमी असेल या वेळी," मी तिला म्हणाले.

तिनं नाही म्हणून मान हलवली. समोरच्या घरात गठ्ठे आलेले तिला दिसत होते, मलाही दिसत होते.

"तू काही केलंस का? माल उशिरा दिलास, डाग पडला?"

"नही."

थोड्या वेळानं तिनं सांगितलं. पांडेसरा भागातल्या एका नव्या ठेकेदाराचं पान कुणीतरी निरोपात पाठवलं होतं. तिनं ते उघडलं, आपलं नाव, गल्ली, नंबर लिहिला, काम मिळेल का म्हणून विचारलं. मग वाटलं, नको, आहे ते बरं चाललंय. काही न पाठवता परत फिरली. त्याच आठवड्यापासून ॲपवर तिला काम दिसेनासं झालं.

"मी कोनलेच सांगं नही, मंग त्यास्ले कसं समजनं?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, योगायोग असेल. पण तशा आणखी तीन-चार जणी निघाल्या. सगळ्यांनी तेच पान उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे चहाला खाली गेले तेव्हा मी बसून राहिले. बायांना मिळतं तेच ॲप माझ्या फोनवर उतरवून घेतलं, फोन संगणकाला जोडला आणि फोनमधून बाहेर काय काय जातं ते पडद्यावर लावलं. मग त्या ठेकेदाराचं पान उघडलं. नावाच्या चौकोनात मावशीच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं.

पडद्यावर एक ओळ उमटली.

दुसरं अक्षर दाबलं, दुसरी ओळ. कुठल्या पानावर, कुठल्या चौकोनात, कुठलं अक्षर. माझ्या दाराची वळणं मी ओळखत होते, ओळींची मांडणी माझीच होती, शब्दसुद्धा माझे. फक्त त्या यादीत मी कधीच न घातलेला एक इव्हेंट होता, टाईप केलेलं ऐकणारा. मी नाव पूर्ण लिहिलं आणि मग एकेक अक्षर खोडत मागे आले. खोडलेलंही जाऊन पोचत होतं.

चहा घेऊन लोक वर आले. मी फोन काढून पर्समध्ये ठेवला. तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की भाईला सांगायला हवं, शेठनं त्याच्या पाठीमागे कुणाकडून तरी हे करवून घेतलंय. माणसाचं मन किती वेळ वळसे घालतं.

मी त्याच्या टेबलाशी गेले. "भाई, दोष शोधायचं दार बाजारातल्या ॲपमध्ये उघडं आहे."

त्यानं नजर वर केली नाही. "हो."

"चुकून राहिलं?"

"नाही."

मी उभीच. त्यानं शेजारची खुर्ची ओढून दिली, नेहमी ओढायचा तशीच. मी बसले नाही.

"शेठला हवं होतं," तो म्हणाला. "कोणती बाई टिकणारी, कोणती दुसरीकडे बघणारी, हे कळलं तर माल नीट वाटता येतो. आणि खरं सांगू, तुझी रचना इतकी साफ होती की मला दोन-चार ओळींच्या वर काही घालावं लागलं नाही. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर महिना गेला असता."

तो हे कौतुकानं बोलत होता. ते मला आजही पचलेलं नाही. त्यानं ओशाळून मान खाली घातली असती, चिडला असता, तर मला कुठेतरी हात टेकायला जागा मिळाली असती.

"मीटिंगमध्ये तुम्ही माझ्या बाजूनं बोलला होतात."

"तेव्हा तुला नाही म्हटलं असतं तर तू काम अर्ध्यात सोडलं असतंस. मी ओळखतो तुला."

"आणि आमच्या घरी आलात ते?"

आता त्यानं माझ्याकडे बघितलं. "बाया आत काय उघडतात, कुठे लिहितात, हे जवळ बसल्याशिवाय कसं समजणार? जेवण मात्र खरंच छान होतं, बेन. आईंना सांग."

मी शेठच्या केबिनमध्ये गेले. शेठनं चहा सांगितला, मी नको म्हटलं, तरी आला. तो म्हणाला, "बेटा, आपल्या दुकानातलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात डोकावलं, तर गल्ल्यावर बसलेल्याला दिसतंच ना?"

"दिसतं, शेठ. पण तो तिच्या पदराची गाठ सोडून बघत नाही."

शेठ हसला, खरोखरच हसला. "तुझ्या मावशीचं काम गेलं म्हणून वाईट वाटतंय ना? उद्यापासून चालू करायला सांगतो."

"बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं तू कशाला बघतेस?"

मी त्याला म्हणाले की एकट्या मावशीचं चालू करायची काही गरज नाही. त्यानं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि गल्लीच्या तोंडाशी मावशीचा गठ्ठा उतरला. इतका मोठा गठ्ठा तिला एरवीही कधी आला नव्हता. ज्यांचं काम बंद झालं होतं त्या बाया आपापल्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मी त्या वेळी घरी होते. त्यांनी गठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि एकेक करून आत गेल्या. शेठला गल्ली कशी चालते ते चांगलं माहीत होतं.

संध्याकाळी मी घरोघर जाऊन सगळ्यांना मावशीच्या ओट्यावर बोलावलं. सगळ्या आल्या नाहीत. आल्या त्यांना मी होतं तसं सांगितलं: ॲपच्या आत उघडलेल्या कुठल्याही पानावर तुम्ही जे लिहिता, ते अक्षर न अक्षर कंपनीकडे जातं. खोडलं तरी जातं. कधीपासून जातं ते मला नक्की माहीत नाही.

मग एका तरुण बाईनं हळूच विचारलं, "दवाखान्याचं पान उघडलं होतं मी. त्यात लिहिलेलंही?"

"हो."

तिनं पदर तोंडाशी धरला आणि उठून गेली. काय लिहिलं होतं ते तिलाच माहीत. शेठलाही माहीत असणार.

तेव्हा ती बाई बोलली, जिनं सगळ्यांत आधी फोन माझ्या हातात दिला होता. "तुले पहिलेपासून माहीत व्हतं का वं?"

"नाही. शपथ घेऊन सांगते."

"पन बनाडं तं तूच ना."

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. लांबलचक होतं, दाराचं, कळीचं, ॲप शेवटी कोण तयार करून पाठवतं त्याचं. ते त्या ओट्यावर सांगण्यासारखं नव्हतं. मावशी सगळा वेळ उंबऱ्यात बसून होती. बाया पांगल्यावर तिनं बांधलेला गठ्ठा तसाच यजमानांना सायकलवर चढवायला लावला आणि टेम्पोवाल्याच्या अड्ड्यावर परत पाठवला. त्यातली एक साडीही तिनं उलगडली नव्हती.

आईला मी रात्रीच्या जेवणावेळी सगळं सांगितलं. भाईचंही. तिनं ताटात भाकरी वाढता वाढता एवढंच म्हटलं, "जेवी गया, नि घर मोजी गया." पुन्हा तिनं त्याचा विषय काढला नाही.

मी माझ्या बाजूनं दार पुरतं काढून टाकलं, कळीसकट. भाईनं काही हरकत घेतली नाही. पुढचं ॲप बाजारात गेलं तेव्हा मी पुन्हा फोन जोडून बघितलं. अक्षरं जातच होती. माझं दार काढलं तर त्यानं भिंतीत दुसरं पाडलं होतं. त्या आठवड्यात मी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी भाई जिन्यापर्यंत आला. "नाराज होऊ नकोस बेन, धंदा आहे," म्हणाला आणि खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा करून उभा राहिला. कदाचित वाटलंही असेल. पुढे तो कंपनीत भागीदार झाला असं ऐकलं.

गल्लीत म्हणाल तर फार काही बदललं नाही. दोघी-चौघींनी ॲप काढून टाकलं. बाकीच्यांनी ठेवलं, कारण काम त्यावरच येतं. आता बाहेरचं काही बघायचं असलं की त्या मुलांच्या फोनवरून बघतात. मावशीला पांडेसराच्या त्याच ठेकेदाराकडे काम मिळालं. ती रिक्षानं जाऊन माल आणते. माझ्याशी ती पहिल्यासारखीच बोलते, खायला करते, भांडतेही. फक्त मी शेजारी जाऊन बसले की ती फोन पालथा ठेवते. हे ती मुद्दाम करत नाही. तिच्या हाताला तशी सवय लागली आहे. मी ते बघितलेलं तिला कळू देत नाही.

मी आता दुसरीकडे काम करते, ट्रकच्या मालाच्या ॲपवर. तिथेही पोटात ब्राउझर आहे. बाजारात जाणारं ॲप मीच तयार करते, ते काम मी मागून घेतलं.

मागच्या महिन्यात भाईचा निरोप आला. इतक्या दिवसांनी पहिलाच. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही, नुसता प्रश्न: बाया तयार साडीचा फोटो पाठवतात ते बटण एकदाच चालतं, दुसऱ्यांदा दाबलं तर काहीच होत नाही, कितीही दाबलं तरी. तू हे कसं सोडवलं होतंस?

मी फोन बाजूला ठेवला. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं आणि दिवसभर कामात असताना तेच डोक्यात घोळत राहिलं. काय होत असणार ते मला वाचताक्षणी समजलं होतं. डिंडोलीत आत्ता एखादी बाई ते बटण पुन्हा पुन्हा दाबत असेल आणि फोटो गेला नाही म्हणून तिचा माल अडकून पडला असेल, हेही दिसत होतं.

शेवटी मी लिहिलं: बाई फोटो न निवडता परत आली तरी पानाला उत्तर द्यावं लागतं, काही निवडलं नाही असं. तुम्ही तिथे काहीच सांगत नाही. म्हणून पान पहिल्याच प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत बसतं आणि दुसरा प्रश्न विचारत नाही.

थोड्या वेळानं त्यानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. मी फोन हातात धरून बसले होते. कशी आहेस, एवढं तरी तो विचारेल असं मला वाटत होतं. आईनं जेवायला हाक मारली, तेव्हा उठले.